मार्सलीचा बिल्ला

टोल्मर गावात हट्टी म्हणून नाव होतं ते टॉर्मोडचं. त्याची धाकटी बहीण मार्सली ही गरीब गाय, असंच सगळे धरून चालायचे. छप्पन्न वर्षांची होईपर्यंत तिनं कुणाला उलटून उत्तर दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आईबापांच्या पश्चात त्याच घरात ती आणि थोरली बहीण पेगी अशा दोघीच राहायच्या. एक गाय, पंधरा-वीस मेंढ्या, बटाट्याचा तुकडा आणि चुलीसाठी माळावरून कापून आणलेलं पीट, म्हणजे जळणारी दलदलीची वाळलेली माती, एवढा त्यांचा संसार. टॉर्मोड रस्त्याच्या पलीकडे बायकोसोबत राहायचा. तो चर्चचा पंच होता, आणि स्कॉटलंडच्या लुईस बेटावर चर्चचा पंच म्हणजे काय, हे तिथल्या शेळ्यामेंढ्यांनाही कळत असावं.

दोघी बहिणी तरुणपणी हेरिंग मासे साफ करायला लर्विकपासून यारमथपर्यंतच्या बंदरांत गेलेल्या. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, मिठानं जखमा चरचरत असताना मिनिटाला पन्नास मासे फाडायचे. लग्न दोघींचंही राहून गेलं. पेगीला विचारणारा एकजण होता, तो युद्धात बुडाला. मार्सलीला कुणी विचारलंच नाही, आणि तिनंही त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही.

पेगीचं खरं राज्य म्हणजे स्वयंपाकघर. वर्षातून दोनदा, ऑक्टोबरात आणि मार्चात, टोल्मरच्या चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे मेजावर बसून येशूच्या नावानं भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, असायचा. गुरुवारपासून सोमवारपर्यंत रोज उपासना. आजूबाजूच्या गावांतून माणसं चालत, बसनं, होडीनं यायची आणि ज्याच्या घरी जागा मिळेल त्याच्या घरी उतरायची. पेगीकडे कधी बारा, कधी चौदा. माळ्यावर गवताच्या गाद्या, खाली बाकांवर बिछाने. ती मोठ्या पातेल्यात मटणाचं सार शिजवायची, खारवलेल्या हेरिंगबरोबर सालासकट बटाटे वाढायची. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे रविवारी, विहिरीचं पाणीसुद्धा काढायचं नाही, म्हणून शनिवारीच बादल्या भरून ठेवायची. चाळीस वर्षं तिनं प्रभूच्या पाहुण्यांना असं जेवू घातलं.

आणि रविवारी पांढरी चादर घातलेलं ते लांबलचक मेज व्यासपीठासमोर मांडलं गेलं, की पेगी मागच्या दाराजवळच्या बाकावर, हात मांडीवर ठेवून, बसून राहायची.

त्यात वेगळं काही नव्हतं. चर्चमध्ये चारशे माणसं असायची आणि मेजावर जेमतेम चाळीस. कुणाचं तारण व्हायचं ते देवानं जग निर्माण करायच्या आधीच ठरवलेलं आहे, माणसाच्या हातात त्यातलं काहीएक नाही, हे टोल्मरमधलं पोरसुद्धा घडाघडा म्हणून दाखवायचं. त्यामुळे आपण निवडलेल्यांपैकी आहोत अशी आतून खूण पटल्याशिवाय मेजाकडे पाऊल टाकणं म्हणजे आगीत हात घालणं. बाकीचे वाट बघायचे. पेगीचा बाप वाट बघत गेला. पेगी वाट बघत होती.

जुलैमध्ये पेगीच्या छातीत पाणी झालं. डॉक्टर आला, उशा उंच करायला सांगून गेला. एका दुपारी मार्सली तिच्या तोंडाला दुधाचा चमचा लावत होती. पेगीनं तिचा हात बाजूला केला.

"मार्सली, मी त्यांच्यात नसले तर गं?"

"कुणाच्यात?"

"निवडलेल्यांत."

आजारी माणसाला म्हणतात तेच मार्सली म्हणाली, "गप्प पड बघू. उगाच दमशील."

पेगी आयुष्यभर ऐकत आली होती, तशीच ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मधल्या वेळात ती पुन्हा बोलली नाही.

संध्याकाळी शेजारपाजारच्या घरांतून खुर्च्या आणल्या, माणसं जमली. टॉर्मोडनं प्रार्थना केली. आवाज खणखणीत, एकेक शब्द तोललेला. जिवंत माणसांनी सावध व्हावं, वेळ थोडा आहे, वगैरे सगळं आलं. पेगीबद्दल तो एवढंच म्हणाला, "आमच्या बहिणीविषयीचा तुझा निर्णय तुझ्यापाशी आहे."

दोन दिवसांनी पुरुषांनी शवपेटी खांद्यावर घेतली. बायकांनी कबरस्तानात जायची तिथं रीत नाही. त्या दारातून बघत राहतात. सगळे परतल्यावर टॉर्मोड चहाला टेकला तेव्हा मार्सलीनं विचारलं,

"तुला एक बरा शब्द सापडला नाही का रे तिच्यासाठी?"

"कुठला शब्द?"

"कुठलाही. चाळीस वर्षं तिनं तुमच्या पाळकांना वाढलं."

"जेवू घालून तारण होत नाही, मार्सली. तुला ठाऊक आहे. जे मला माहीत नाही ते मी देवासमोर कसं बोलू?"

"आणि जे तुला माहीत नाही ते तिनं कुणाला विचारायचं होतं?"

टॉर्मोडनं कप खाली ठेवला. बहिणीचा हा सूर त्याच्या ओळखीचा नव्हता. "दुःखात माणूस काहीबाही बोलतो," असं म्हणून तो उठला.

पण ते काहीबाही नव्हतं. गोठ्यात गाईच्या कुशीला कपाळ टेकून धार काढताना मार्सलीला रोज तोच शब्द ऐकू यायचा, स्वतःच्याच आवाजात: गप्प पड. एका माणसानं आयुष्यात एकदाच खरा प्रश्न विचारला आणि आपण त्याचं तोंड बंद केलं. का? तर आपल्यालाही तोच प्रश्न पडलेला होता आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो. आठवडे गेले. गवत कापून झालं, पीट घरी येऊन भिंतीशी रचून झालं. आणि सप्टेंबरात एका सकाळी दुधाची बादली घेऊन ती तडक रस्ता ओलांडून भावाच्या घरात शिरली.

"ऑक्टोबरात मी बिल्ला मागणार आहे," ती म्हणाली.

टॉर्मोडची बायको क्रिस्टीना पीठ मळत होती, तिचे हात थांबले. बिल्ला म्हणजे शिशाचा नखाएवढा चौकोनी तुकडा. पंचांनी पारखून तो दिला तरच मेजावर बसता येतं. गावात कुणी बिल्ला मागणार असलं तर त्याआधी महिनोन्महिने कुजबुज व्हायची. अमक्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तमकीला बायबलातलं एक वचन लागलं. मार्सलीबद्दल असलं कुणी काही ऐकलं नव्हतं.

"तुला खूण पटली?" टॉर्मोडनं सावकाश विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. मला जायचंय."

"जायचंय! यारमथच्या जत्रेला जायचंय का? अगं, आपल्याला हवं म्हणून का तिथं जाता येतं? दाराला खांदा लावून आत घुसशील?"

"तू दार बंद आहे म्हणतोस. मी तर अजून कडीला हातही लावून पाहिला नाही."

"आणि अपात्र असून खाल्लंस तर? स्वतःचा न्यायदंड खाशील, कळतंय का?"

"खाईन. पण दाराजवळच्या बाकावर बसून मरायचं नाही मला."

क्रिस्टीना पिठाकडे बघत म्हणाली, "बादली खाली तरी ठेव गं, हात भरून येईल." पण मार्सली निघून गेली होती.

ऑक्टोबरातल्या शनिवारी दुपारची उपासना आटोपल्यावर ती चर्चमागच्या खोलीत गेली. तिथं सहा पंच आणि पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, बसले होते. पाळक मॅकस्वीन गावात नवे, जेमतेम पस्तिशीचे, आणि पंचांना थोडे वचकूनच होते. उजवीकडे टॉर्मोड. त्याच्या शेजारी मर्डो दुकानदार, ज्याचा तराजूशिवाय काही मोजता येतं यावर विश्वास नव्हता. खिडकीशी फिनली तांडेल, चौऱ्याऐंशी वर्षांचा, पन्नास वर्षं बोटीचं सुकाणू धरलेला आणि आता एका कानानं ठार बहिरा.

"मार्सली," पाळक म्हणाले, "तुमच्या जिवासाठी देवानं काय केलं ते आम्हाला सांगा."

"ते मला माहीत नाही, पाळकसाहेब."

"एखादं वचन मनाला लागलं असेल. एखादा दिवस, एखादी घटका?"

"नाही. बहीण गेली तेव्हा रडले. त्यात काही वचनबिचन नव्हतं."

मर्डो पुढे वाकला. "तू निवडलेली आहेस असं तुला वाटतं का?"

"मला कुणी सांगितलेलं नाही."

"मग इथं कशाला आलीस?"

"नाही म्हणूनही कुणी सांगितलेलं नाही. दरवर्षी व्यासपीठावरून हाका ऐकते, या म्हणून. इतकी वर्षं मला वाटायचं ती हाक माझ्यामागे बसलेल्याला आहे. माझ्यामागे तर भिंत आहे."

कुणी हसलं नाही. टॉर्मोड छताकडे बघत होता. तिला बाहेर बसवून त्यांनी आपसांत बोलून घेतलं आणि पाच मिनिटांत परत बोलावलं. पाळकांनी सांगितलं. मंडळाला असं वाटतं, की तुम्ही अजून थांबावं. देव आपल्या वेळेला दाखवील.

"किती थांबू?"

"ते आपल्या हातात नसतं."

"पेगी बासष्ट वर्षं थांबली," मार्सली म्हणाली. "बरं. मी मार्चात येते."

आणि त्या दिवशी ती घरी जाऊन, रडत न बसता, अकरा पाहुण्यांसाठी बटाटे उकडायला लागली. पेगीचं पातेलं आता तिच्याकडे होतं.

गावात व्हायची ती चर्चा झालीच. नकार मिळालेलं माणूस सहसा मान खाली घालून घरात बसतं, ही मात्र दुसऱ्या गुरुवारी प्रार्थनेला पुढच्या बाकावर. दुकानात मर्डो चहाची पुडी बांधता बांधता म्हणाला, "काय मार्सली, स्वर्गात लवकर जागा धरून ठेवायचीय वाटतं?"

"लवकर कुठली, मर्डो? छप्पन्न झाली. तू तर सत्तावीसचा असतानाच पक्की केलीस म्हणे. तुझी बरी खिडकीजवळची असेल." दुकानातल्या दोन बायकांनी तोंडाला पदरासारख्या शाली लावल्या. मर्डोनं पुडीची गाठ जरा जास्तच आवळली.

नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती पाळकांच्या घरी जायला लागली. माळावरून पाच मैल जायचं, पाच मैल यायचं. वारा असा, की डोक्याचा रुमाल दातांत धरावा लागे. पहिल्यांदा पाळकांना वाटलं, काही दुखलंखुपलं असेल.

"बिल्ल्यासाठी आले," ती म्हणाली.

"अहो, बिल्ला मार्चात. तोही पंचांनी मान्य केलं तर."

"माहीत आहे. पण मागत राहिलेलं बरं. विसराल तुम्ही."

डिसेंबरात ते तिला समजावायला बसले. देवाची कृपा ही वाऱ्यासारखी, माणसाच्या इच्छेनं ती वळत नाही, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "यारमथला आम्ही तिघी-तिघी एका खोलीत झोपायचो. पहाटे पाचला मासळीची पिंपं बांधणारा दारावर मूठ आपटायचा. उठा, बोटं बांधा, मासळी आली! आता हे माझ्यासाठी की शेजारच्या खोलीसाठी, असा विचार करत आम्ही कधी पडून राहिलो नाही. हाक आली की चिंध्या बांधून उभं राहायचं. कुणाला किती मासे मिळणार ते मुकादमाला ठाऊक."

"पण ही हाक आतून ऐकू यावी लागते, मार्सली."

"मला बाहेरूनच ऐकू येते. मी काय करू? माझे कान जिथं आहेत तिथंच आहेत."

पाळकांनी तिला जाताना लोण्याचा पाव बांधून दिला. जानेवारीत बर्फ पडलं तेव्हा आज ही बाई येत नाही असं त्यांनी बायकोला सांगितलं, आणि खिडकीतून बघतात तर माळावर एक काळा ठिपका सरळ त्यांच्या फाटकाकडे येत होता. फेब्रुवारीत तिला ताप होता तरी ती आली. त्या दिवशी त्यांनी काहीच समजावलं नाही. शेकोटीजवळची खुर्ची तिला दिली आणि तिचे बूट आगीशी ठेवले. नंतर ते हळूच म्हणाले, "माझी आईही कधी मेजावर बसली नाही."

"आहे अजून?"

"आहे. ग्लासगोला."

"मग पत्र लिहा तिला," मार्सली म्हणाली आणि ओले बूट चढवून निघाली.

टॉर्मोड मात्र हिवाळाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. मेंढ्यांचं, गवताचं. एकदा गोठ्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "तू मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"तुझं तोंड आहे तिथंच आहे. गेले चार महिने माझ्याकडेच फिरवलं नाहीस तू ते."

मार्च उजाडला. शनिवारी पुन्हा तीच खोली, तीच माणसं, खिडकीत पाऊस. पाळकांनी तेच विचारलं, तिनं तेच उत्तर दिलं. नवीन काही घडलेलं नव्हतं. कसली खूण नाही, स्वप्न नाही.

मर्डो म्हणाला, "मग आम्हीही तेच सांगणार. वेगळं काय सांगू?"

"नका सांगू. मी ऑक्टोबरात येते."

तेवढ्यात फिनली तांडेलानं हात वर केला. ऑक्टोबरात तो एक शब्द बोलला नव्हता, त्याला नीट ऐकूच गेलं नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं खुर्ची ओढून चांगला कान तिच्याकडे केला.

"ऑक्टोबरात नाही म्हटलं तर?"

"पुढच्या मार्चात."

"तेव्हाही नाही म्हटलं तर?"

"आणि पुढच्या ऑक्टोबरात. मला दुसरं काम काय आहे, फिनली?"

"आणि मधेच मेलीस तर?"

"मग वर जाऊन तिथल्या दारात मागेन. म्हणेन, खाली इतक्यांदा मागितलं, हवं तर टॉर्मोडला विचारा."

खोलीत कुणीतरी हसू दाबलं. बहुतेक पाळकांनीच. फिनली हसला नाही. दोन्ही हात काठीवर ठेवून तो आपल्या सोबत्यांकडे वळला आणि बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात बोलायला लागला.

"बेचाळीस वर्षं मी या खोलीत बसतोय. कुणाला उजेड दिसला, कुणाला आवाज ऐकू आला, सगळ्यांचं ऐकलं. नाही म्हटल्यावर काय करशील, हे मी कुणालाच कधी विचारलं नाही. आता मला एक सांगा. माणसाच्या मनाला आपणहून देव नको असतो, हे आपण शिकवतो ना? मेलेल्या माणसाला भूक नसते, तसं. टॉर्मोड, तूच शिकवतोस पोरांना."

"शिकवतो," टॉर्मोड म्हणाला.

"मग हिला हे हवंय ते कुठून आलं? हिनं बर्फात चाळीस-पन्नास मैल पाय तुडवले. तू म्हणतोस, ही आपल्या मनानं घुसतेय. माणसाच्या मनात एवढं बळ असेल तर आपली शिकवण खोटी. आणि शिकवण खरी असेल, तर ही आपल्या बळावर आलेली नाही, हिला कुणीतरी ओढून आणलंय. दोन्हींतलं एक काहीतरी ठरवा. मला चहा प्यायचाय."

पाळकांनी एकेकाकडे पाहिलं. एकेकानं मान हलवली, मर्डोनं सगळ्यांत शेवटी आणि कुणाला दिसेल न दिसेल अशी. उरला टॉर्मोड.

"मी आड येत नाही," तो म्हणाला. "पण हो म्हण असंही मला सांगू नका."

पाळकांनी कातडी पिशवीत हात घालून बिल्ला काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. मार्सलीला वाटलं होतं त्याहून तो बराच जड होता.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पाळकांनी रीतीप्रमाणे आधी मेजाला कुंपण घातलं. म्हणजे कुणी कुणी येऊ नये ते एकेक करून सांगितलं: खोटं बोलणारे, शेजाऱ्याचं वाईट चिंतणारे, जगाच्या मोहात पडलेले. मार्सलीला त्यांतल्या बऱ्याच जणांत आपण दिसलो. मग पाळक म्हणाले, "आणि ज्यांना याच्याशिवाय दुसरीकडे कुठं जायला जागा नाही, त्यांनी या." स्तोत्र सुरू झालं. गायकानं एकेक ओळ आधी म्हणायची आणि मागून सगळ्या चर्चनं, समुद्राची लाट किनाऱ्यावर फुटते तशी, ती उचलायची.

मार्सली उठली. मधल्या वाटेनं चालताना दोन्ही बाजूंचे चेहरे तिच्याकडे वळलेले तिला कळत होते. मेजाच्या टोकाशी बिल्ले गोळा करायला पंच उभा असतो. त्या दिवशी तिथं टॉर्मोड होता.

तिच्या पुढच्या म्हाताऱ्यानं बिल्ला दिला, तो आत गेला. मार्सलीनं हात पुढे केला. टॉर्मोडनं आपला हात पुढे केला नाही.

तो तिच्याकडे बघतही नव्हता, तिच्या खांद्यावरून मागे कुठंतरी बघत होता. कडवं संपलं. गायकानं दुसरं उचललं. मार्सली हात लांब करून तशीच उभी. दंड दुखायला लागला. तिच्या मागे चौघं-पाचजण अडकले होते. परत फिरायला वाट होती, बाजूला व्हायलाही होती. पण मासे फाडताना सोळा-सोळा तास उभी राहिलेली ती बाई. तिनं फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेतलं. दुसरं कडवं संपत आलं.

"टॉर्मोड," ती अगदी हळू म्हणाली, "मी आहे इथंच."

मग त्याचा हात आला. बिल्ला घेताना त्याची बोटं तिच्या तळव्याला लागली. ती ओली आणि गार होती. तो बाजूला झाला, आणि ती पांढऱ्या चादरीपाशी दोन म्हाताऱ्या बायकांच्या मधे जाऊन बसली.

भाकर आली. तिनं तुकडा मोडून तोंडात घातला. पेला आला, घोट घेतला, पुढे दिला. तिला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. आत उजेड पडेल, नाहीतर आगच लागेल. काहीच झालं नाही. भाकर जरा शिळी होती. शेजारच्या बाईच्या कोटाला कापराचा वास येत होता. मार्सली मान खाली घालून बसली आणि मनात म्हणाली, बरं तर, आता आले आहे. आणि आता उठायची नाही, एवढं तिला पक्कं कळलं.

सोमवारी शेवटची उपासना झाली, पाहुणे बसमध्ये बसून गेले. क्रिस्टीना भांडी घासायला मदतीला आली. साठ-बासष्टची क्रिस्टीना, पंचाची बायको, तीही मेजावर कधी बसलेली नव्हती. पातेल्याच्या तळाशी घासता घासता तिनं विचारलं, "कसं वाटलं गं तुला तिथं?"

"भाकर होती. खाल्ली."

"एवढंच?"

"एवढंच. कुणी उठवलं नाही मला तिथून."

क्रिस्टीनानं पातेलं उपडं करून ठेवलं. मग म्हणाली, "फार आडवंतिडवं विचारतात का आत?"

"तेच तेच विचारतात. तुला जायचंय का?"

"हे नाही म्हणतील."

"म्हणू दे. पहिल्यांदा तो नाहीच म्हणतो."

मंगळवारी सकाळी टॉर्मोड खतासाठी घोडागाडीभर समुद्रशेवाळ घेऊन बहिणीच्या बटाट्याच्या तुकड्यावर आला. दरवर्षीच आणायचा. दोघं दोन टोकांनी लांब दांड्याच्या काट्यानं ते ओलं, काळं शेवाळ मातीवर पसरायला लागली. अर्धा तुकडा झाल्यावर तो काट्यावर रेलला.

"पेगी शेवटी काही बोलली होती का?"

आठ महिन्यांत त्यानं हे पहिल्यांदा विचारलं. मार्सलीनं सांगितलं. पेगीचा प्रश्न सांगितला, आणि आपलं उत्तरही, काही न लपवता.

टॉर्मोड समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. "मला विचारलं असतं तरी," तो म्हणाला, आणि वाक्य अर्धंच राहिलं. त्यानं बाहीनं नाक पुसलं. "मला विचारायला हवं होतं तिनं."

"तुला विचारायला ती घाबरायची, टॉर्मोड. आम्ही सगळेच."

त्यानं मान हलवली. "मग आता तुला काय वाटतं? ती..."

"मला माहीत नाही. तुलाही नाही. पण आता मला कुणी असं विचारलं, तर मी त्याला गप्प बसवणार नाही. बसेन त्याच्याजवळ. म्हणेन, ऊठ, दोघं जाऊन मागू." तिनं काटा शेवाळात खुपसला. "क्रिस्टीना काल काही म्हणाली का तुला?"

"म्हणाली."

"मग?"

"नाही म्हटलं मी."

"ठीक आहे," मार्सली म्हणाली. "तो कोपरा राहिलाय बघ, तिकडे पसर."

तो कोपऱ्याकडे गेला.